साबण तोच, डाग वेगळे

नरकचतुर्दशीची पहाट. बाहेर अजून अंधार आहे आणि आळीतल्या कुणीतरी पहिली माळ लावलीसुद्धा. पाटाभोवती रांगोळी, बंबातलं कढत पाणी, वाटीत कोमट तेल, दुसऱ्या वाटीत भिजवलेलं उटणं. आणि साबणदाणीत, आदल्या रात्रीच खोक्यातून काढलेली मोती साबणाची गोल, जाडजूड वडी. लहानपणी ती एका हातात मावायची नाही. निसटून मोरीत घरंगळली की आई बाहेरून म्हणायची, "पाण्यात ठेवू नकोस गं, विरघळेल!"

या चित्रात एक कोडं दडलेलं आहे. अभ्यंगस्नान जुनं आहे, आणि तेल, उटणं, गरम पाणी एवढ्यात ते पूर्ण होतं. उटण्यातलं पीठ अंगावरचं जास्तीचं तेल ओढून घेतं आणि चोळताना मळही निघतो. साबणाची तिथे गरजच नाही. तरीही मोती साबणावाचून दिवाळीची अंघोळ झाल्यासारखी वाटत नाही, अशी कितीतरी घरं महाराष्ट्रात आहेत. टाटा ऑइल मिल्सचा एक महागडा, सुगंधी साबण इतक्या जुन्या विधीत येऊन बसला, तोही उटण्याला न उठवता. साबणाच्या अंगच्या गुणांनी हे घडलं नसणार. त्याच्याविषयी जे सांगितलं गेलं, दाखवलं गेलं, त्याने ते घडलं.

जुन्या मासिकांतल्या आणि दिवाळी अंकांतल्या जाहिराती मी बरीच वर्षं पाहत आले आहे. अंक चाळताना आपण कथा-कवितांवर थांबतो आणि जाहिरातींची पानं भराभर उलटतो. पण तो काळ कसा होता हे समजून घ्यायचं असेल, तर त्या उलटलेल्या पानांवर पुष्कळ काही असतं. त्यातही साबणाच्या जाहिराती मला सगळ्यात बोलक्या वाटतात. त्याचं कारण साबणाच्या कामातच आहे.

दोन घरांतल्या आत्याबाई

तेलकट कढई नुसत्या पाण्याने धुवून पाहा. पाण्याचे थेंब इकडेतिकडे पळतात, तेल जागचं हलत नाही. दोघांचं पटतच नाही. साबण या भांडणात मध्यस्थी करतो. तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोड्यासारखा तीव्र क्षार यांचा संयोग झाला की साबण तयार होतो. साबणाच्या प्रत्येक सूक्ष्म कणाला, म्हणजे रेणूला, दोन टोकं असतात. एका टोकाला पाण्याची ओढ, दुसऱ्याला तेलाची. अबोला धरलेल्या दोन घरांत जिची ये-जा चालू असते अशी एखादी आत्याबाई असते ना, तसा हा रेणू. एका हाताने तो तेलकट मळ धरतो, दुसऱ्या हाताने पाणी. मग पाणी वाहून जाताना मळालाही सोबत घेऊन जातं.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हे असंच घडत होतं, आजही असंच घडतं. कपडे धुण्याची पावडर रसायन म्हणून साबणापेक्षा वेगळी, पण तिचीही युक्ती हीच, दोन टोकांची. मोटार बदलली, टेलिफोन भिंतीवरून खिशात आला, त्यामुळे त्यांच्या जाहिराती बदलल्या यात नवल नाही. साबणाचं काम मात्र होतं तिथेच राहिलं. मुलाची उंची बघायला आपण दरवर्षी त्याला त्याच दाराच्या चौकटीशी उभं करतो आणि पेन्सिलीने खूण करतो. चौकट हलत नाही, म्हणून मूल किती वाढलं ते कळतं. साबण म्हणजे तशी चौकट. त्याच्या जाहिरातींत जे बदलत गेलं, ते साबणाचं नव्हतं, आपलं होतं.

स्थळासाठी काढलेला फोटो

जाहिरात म्हणजे समाजाचा आरसा, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. आरशात विस्कटलेले केसही दिसतात. जाहिरातीत ते दिसत नाहीत, आणि दिसलेच तर तेल किंवा शाम्पू विकण्यापुरते.

त्यापेक्षा जुन्या काळी स्थळासाठी काढलेला फोटो आठवावा. मुलीला स्टुडिओत नेत. अंगावर मामीची चांगली साडी, मागे रंगवलेला पडदा, शेजारी स्टुलावर फुलदाणी, क्वचित हातात पुस्तक. ती मुलगी एरवी कशी राहते हे त्या फोटोवरून कळत नाही. पण तो ज्यांच्याकडे जाणार त्या मंडळींना काय हवं होतं, ते अगदी स्वच्छ कळतं. हातात पुस्तक दिसू लागलं, म्हणजे शिकलेली सून चालू लागली होती.

जाहिरात अशीच बांधली जाते. गिऱ्हाइकाचं मन आधीच कुठे कलतंय ते जाहिरातवाला हेरतो, कारण चार ओळींच्या जागेत कुणाचं मत फिरवता येत नाही. लोक मनातल्या मनात जे मानतात त्याचाच त्याला हात धरावा लागतो. मग तो एक उणीव दाखवतो, तीही अशी की वाचणाऱ्याला ती आपलीच वाटावी. त्यानंतर वस्तू येते, आणि शेवटी उणीव फिटलेला एक समाधानी चेहरा. उणीव कुठली निवडली, यात त्या काळाची भीती सापडते. शेवटचा चेहरा कुणाचा आणि कसा, यात त्या काळाची हौस सापडते.

मराठीत तर ही जमीन आधीच नांगरलेली होती. चांगल्या चारित्र्याचा माणूस आपल्याकडे 'धुतल्या तांदळासारखा' असतो. अब्रूला 'डाग' लागतो. प्रतिष्ठित माणसाचे कपडे 'परीटघडीचे' असतात. शरीराची स्वच्छता आणि माणसाची लायकी यांची गाठ भाषेनेच बांधून ठेवली होती. साबणवाल्यांना ती फक्त ओढायची होती.

साहेबाची वडी

१८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात सनलाइट साबणाची खोकी उतरली. वड्यांवर लीव्हर ब्रदर्सचं नाव आणि इंग्लंडमध्ये तयार झाल्याचा ठसा. अंघोळ आपल्याला नवी नव्हती. डाळीचं पीठ, रिठे, शिकेकाई होती, कपड्यांना रिठे आणि खार होते. इंग्लंडमध्ये घडवलेली, एका मापाची, कागदात गुंडाळलेली वडी मात्र बहुतेकांना नवी होती, आणि तिच्यासोबत एक सबंध विचार जहाजातून उतरला.

तो विचार पेअर्स साबणाच्या त्या काळच्या इंग्रजी जाहिरातींत उघडा दिसतो. ही कंपनी जाहिरातबाजीत सगळ्यांच्या पुढे होती. जॉन मिले या नामवंत चित्रकाराने १८८६ मध्ये साबणाचे फुगे पाहणाऱ्या आपल्या नातवाचं चित्र काढलं, ते तिने विकत घेतलं आणि त्यात साबणाची वडी घालून घरोघरी पोचवलं. पण याच कंपनीच्या १८८०च्या दशकातल्या एका जाहिरातीत गोरा मुलगा काळ्या मुलाला टबात बसवून धुतो, आणि साबण लागलेलं त्याचं अंग गोरं झालेलं दाखवलं आहे. १८९९ च्या सुमाराची दुसरी एक जाहिरात आहे. तीत पांढऱ्याशुभ्र गणवेशातला अमेरिकन आरमारी अधिकारी जहाजावर हात धुतो आहे, आणि कोपऱ्यात एक गोरा माणूस अर्धनग्न 'रानटी' माणसाला साबणाची वडी देतो आहे. मजकुराचा आशय असा, की काळ्या लोकांना सुधारण्याचं गोऱ्यांचं ओझं हलकं करायचं, तर स्वच्छता शिकवण्यापासून सुरुवात करावी.

आज ही चित्रं पाहताना अंगावर काटा येतो. तेव्हा ती सभ्य घरांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत छापून येत आणि वाचकांना त्यात काही वावगं वाटत नसे. जुन्या जाहिरातीतली खरी साक्ष मला इथे सापडते. कायदे आणि भाषणं लिहिताना माणसं शब्द तोलून वापरतात. साबण विकताना कुणी तोलत नाही. जे सगळ्यांनाच मान्य आहे असं वाटतं, ते सहज लिहिलं जातं. ते सहज लिहिलेलंच पुढच्या पिढ्यांना त्या काळाचं मन दाखवतं.

१८९५ मध्ये लाइफबॉय आला. लाल रंग, आणि जंतुनाशक कार्बोलिक ॲसिडचा तो दवाखान्यासारखा वास. पुढच्याच वर्षी मुंबईत मांडवीच्या भागात प्लेग उद्भवला. घरं रिकामी केली जात होती, सामान जाळलं जात होतं, भिंतींना औषधी पाणी मारलं जात होतं. रोग देवीच्या कोपाने होत नाही, डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंनी होतो, ही कल्पना त्या धास्तीच्या दिवसांत सामान्य माणसाच्या कानावर आदळत होती. अशा शहरात 'औषधी' वासाचा साबण विश्वास मिळवून गेला तर आश्चर्य नाही. एका पिढीची भीती अशी वासाच्या रूपाने पुढच्या पिढीच्या न्हाणीघरात राहते. माझ्या आजोबांना सुगंधी साबणाने अंग धुतल्यासारखंच वाटत नसे.

चरबी, चावी आणि स्वदेशी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वारं फिरलं. वंगभंगानंतर स्वदेशी आणि बहिष्कार हे शब्द टिळकांच्या चतुःसूत्रीतून घरोघरी गेले. आता विलायतेचा ठसा हा वडीचा गुण न राहता दोष ठरू लागला.

लालबागला १८९७ पासून कुलपं बनवणाऱ्या अर्देशीर गोदरेजांनी पहिलं महायुद्ध संपत असताना वनस्पती तेलांपासून साबण करून दाखवला. कुलपांच्या कारखान्यातून आलेल्या त्या साबणाचं नाव 'चावी'. युरोपात साबण प्रामुख्याने जनावरांच्या चरबीपासून बनत असे. रसायनाच्या दृष्टीने चरबी काय आणि खोबरेल काय, साबण होतो, मळ निघतो. पण ज्या देशात १८५७ साली काडतुसांना लावलेल्या चरबीच्या बातमीने शिपाई पेटून उठले होते, तिथे अंगाला काय लावतो हा प्रश्न रसायनाचा नव्हता. 'यात चरबी नाही' या वाक्यात मळाविषयी एक अक्षर नाही. ते वाक्य धर्माशी बोलतं, अहिंसेशी बोलतं, सोवळ्याशी बोलतं. जाहिरातीचं मर्म मला या एका वाक्यात दिसतं. साबण काय करतो याऐवजी तो वापरणारा कोण आहे, हे ते सांगतं.

रवींद्रनाथ टागोरांनी गोदरेजच्या साबणाची जाहीर शिफारस केली होती, तीही याच अर्थाने. नोबेल मिळवलेल्या कवीला साबणाची पारख जास्त असते असं कुणी मानत नव्हतं. त्यांचं नाव पाहून लोक काय घेत होते, तर देशाभिमानाची एक वडी. अर्देशीरांनी टिळक स्वराज्य फंडाला तीन लाख रुपये दिले होते, त्यामुळे हा देशाभिमान केवळ वेष्टनापुरता नव्हता, हेही नोंदवायला हवं. तिकडे म्हैसूर संस्थानात महायुद्धामुळे चंदनाची निर्यात अडली, लाकूड पडून राहिलं, आणि त्यातून १९१६ मध्ये चंदनाचं तेल आणि पाठोपाठ चंदनाचा साबण उभा राहिला. त्याची वडी संपली तरी वेष्टन फेकलं जात नसे. ते ट्रंकेत साड्यांच्या घडीत जाई.

परकीय कंपन्याही हे सगळं पाहत होत्या. लीव्हरने १९३४ मध्ये मुंबईत शिवडीला साबण बनवायला सुरुवात केली. दिनदर्शिकांवर लक्ष्मी, सरस्वती, बाळकृष्ण छापून खाली साबणाचं नाव घालायची चाल तर देशी-विदेशी दोघांनीही उचलली. राजा रविवर्म्यांच्या छापखान्याने देवांची रंगीत चित्रं घरोघरी नेली होती, त्या वाटेवरून साबण चालत आला. वर्ष संपलं की तारखांचं बाड फाडून टाकायचं आणि चित्राला चौकट करून देव्हाऱ्याजवळ लावायचं. देवाच्या पायाशी साबणाचं नाव तसंच राहायचं, वर्षानुवर्षं.

पदवीधर बाईचा चेहरा

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामतीचं काम करायला बाई मिळाली नाही. ते काम एका उपाहारगृहात स्वयंपाक करणाऱ्या तरुणाने, साळुंक्यांनी, साडी नेसून केलं. अठ्ठावीस वर्षांनी, १९४१ मध्ये, लक्स साबणाच्या जाहिरातीत पहिल्यांदा एका हिंदी चित्रपटातल्या नटीचा चेहरा झळकला. ती मराठी होती. लीला चिटणीस.

तोवर लक्सच्या जाहिरातींत हॉलिवूडच्या नट्या असत. त्या सुंदर होत्या, पण त्यांच्यासारखं व्हावं असं इथल्या बाईला वाटलं तरी ते कुठल्या वाटेने, हे तिला दिसत नव्हतं. लीलाबाई पदवीधर होत्या, मराठी रंगभूमीवर काम केलेल्या, पांढरपेशा घरातल्या, आणि 'कंगन'नंतर देशभर माहीत झालेल्या. शिकलेली, घरंदाज आणि तरीही पडद्यावर दिसणारी बाई आता लाजेचा विषय राहिली नव्हती, निदान शहरांत तरी. १९३० पासून निघणाऱ्या 'स्त्री' मासिकामुळे बायकांना आपलं असं वाचायला मिळू लागलं होतं. म्हणजे जाहिरात वाचणारी बाईही तयार झाली होती. चेहरा आणि वाचक एकाच काळात घडत होते.

एवढं मात्र खरं, की हे घडवण्याचं श्रेय साबणाचं नाही. शाळा काढणाऱ्यांनी, मुलींना शिकवण्यासाठी शेण-दगड झेललेल्यांनी नव्वदहून अधिक वर्षं आधी वाट पाडली. जाहिरात मागून आली. ती बहुतेक वेळा मागूनच येते, वाट पुरेशी रुळली आणि तिथून जाण्यात धोका उरला नाही म्हणजे.

▪ चौकट: जुनी जाहिरात हातात आली तर ▪

चित्रात कोण आहे हे पाहिल्यावर चित्रात कोण असायला हवं होतं आणि नाही, तेही शोधा.
कोण कुणाला सांगतंय? डॉक्टर आईला, नवरा बायकोला, शेजारीण शेजारणीला, की नटी सगळ्यांना?
कशाची भीती दाखवली आहे? रोगाची, लोक काय म्हणतील याची, की मागे पडण्याची?
किंमत छापली आहे का? छापली असेल तर स्वस्ताई हा तेव्हा गुण होता. लपवली असेल तर प्रतिष्ठा विकली जात होती.
आणि कुठली गोष्ट सिद्ध करायचा प्रयत्नही केलेला नाही? ती तेव्हा सगळ्यांनी धरून चाललेली असते.

दहा मिनिटं आणि साडेतीन रुपये

१९७५ मध्ये लिरिल साबणाची जाहिरात चित्रपटगृहांत आली. कोडाईकनालजवळच्या धबधब्याखाली कॅरन लुनेल ही तरुणी हिरव्या बिकिनीत मनमुराद भिजते आहे, एवढंच. पुष्कळांना ती धीट वाटली. जाहिरातीमागचा विचार जाहिरातकार ॲलेक पदमसींनी सांगितला होता, तो मला त्या धबधब्यापेक्षा मोलाचा वाटतो. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे भारतीय गृहिणीला दिवसभरात स्वतःची अशी जेमतेम दहा मिनिटं मिळतात, ती न्हाणीघरात. तेवढा वेळ दार लावलेलं असतं, सासू हाक मारत नाही, मूल रडत नाही. त्या दहा मिनिटांत ती मनाने कुठे जात असेल? तर असल्या धबधब्याखाली.

म्हणजे चित्रात एकटी, मोकळी मुलगी आणि चित्राबाहेर भरलेलं घर. तुम्ही फक्त चित्र पाहिलंत तर म्हणाल की पंचाहत्तर सालची भारतीय स्त्री किती स्वतंत्र होती! खरं तर स्वतःचा वेळ तिला मिळत नव्हता, म्हणून तो दाखवून साबण विकला जात होता. स्थळाच्या फोटोचा नियम इथेही लागू पडतो. फोटोत आहे ते हवं असलेलं असतं, आणि हवं असतं ते बहुधा नसलेलं.

त्याच सुमाराला कपड्यांच्या बाजूला वेगळीच लढाई चालू होती. १९५९ मध्ये आलेल्या सर्फने दगडावर वडी घासून धोपटण्याऐवजी बादलीत पावडर घालून कपडे भिजवायला शिकवलं होतं, पण ती पावडर महाग होती. १९६९ मध्ये अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी घरीच पावडर बनवून सायकलवरून दारोदार विकायला सुरुवात केली. निरमा साडेतीन रुपये किलोच्या आसपास मिळे, तर सर्फला त्याच्या तिप्पट-चौपट पैसे पडत. पांढरा फ्रॉक घातलेली गिरकी घेणारी मुलगी आणि ते गाणं पुढे रेडिओवर, दूरदर्शनवर घराघरांत गेलं. ज्या घरांना पावडर परवडत नव्हती तीही आता गिऱ्हाईक म्हणून मोजली जाऊ लागली. पांढरे कपडे ही श्रीमंताची मिरास राहिली नाही.

सर्फने यावर दिलेलं उत्तर म्हणजे १९८०च्या दशकातल्या ललिताजी. कविता चौधरींनी उभी केलेली ती बाई मला अजून लख्ख आठवते. भाजीवाल्यापाशी उभी, नजर करारी, एकेक पैसा मोजून देणारी. पदमसींना ती सुचली ती स्वतःच्या आईवरून, घासाघीस करण्यात पटाईत असलेल्या. ती सांगायची की स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांत फरक असतो. महाग वस्तू विकायला कंपनीने श्रीमंत बाई उभी केली नाही, काटकसरी बाई उभी केली. कारण तेव्हाच्या मध्यमवर्गाचा सगळ्यात मोठा सद्गुण काटकसर हाच होता. स्वयंपाकघरातल्या खिळ्याला हिशेबाची वही लटकत असे, दूधवाल्याच्या खाड्यांची वेगळी नोंद असे. अशा बाईला 'ऐश करा' म्हणून सांगितलं असतं तर तिने वर्तमानपत्र बाजूला ठेवलं असतं. 'जपून खर्च करा, म्हणून आमचं घ्या' हे तिला पटलं. आणि एक लक्षात घ्या, ललिताजींच्या वाक्याला नवऱ्याची मंजुरी लागत नव्हती. घरातला निर्णय त्या घेत होत्या, निदान पावडरीपुरता.

पुढे २००५ मध्ये सर्फ एक्सेलने डागच चांगले आहेत असं म्हणायला सुरुवात केली. चिखलात लोळून आलेल्या मुलाला आई आता रागावत नाही, त्याच्या डागामागे काही चांगलं काम आहे हे ओळखते. शंभर वर्षं ज्या डागाची भीती घालून साबण विकला, तोच डाग कौतुकाचा झाला. घरात एक किंवा दोनच मुलं, त्यांच्या मनाची काळजी घेणारे आईबाप, आणि कोपऱ्यात कपडे धुण्याचं यंत्र. डाग चांगला वाटायला हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. तो काढताना खांदा दुखत असेल, तर कुणालाही डाग चांगला वाटत नाही.

न निघालेला डाग

काही गोष्टी मात्र चौकटीवरच्या खुणेसारख्या वर सरकल्याच नाहीत. पेअर्सच्या टबातला तो मुलगा आठवा. गोरं होणं म्हणजे स्वच्छ होणं, ही समजूत साबणावरून क्रीमवर गेली, लग्नाच्या जाहिरातींतल्या 'गोरी, सुस्वरूप' या शब्दांशी तिने सोयरीक केली आणि मुक्काम ठोकला. फेअर अँड लव्हलीने आपल्या नावातला 'फेअर' काढला तो २०२० मध्ये, अमेरिकेत वर्णद्वेषाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरल्यावर. पेअर्सच्या त्या चित्रानंतर तब्बल सव्वाशे वर्षांहून अधिक काळ गेला होता. सावळ्या मुलींनी आरशासमोर काढलेली ती सगळी वर्षं मोजायला आपल्याकडे माप नाही.

चित्रात कोण नाही

जुन्या जाहिराती पाहताना सगळ्यात शेवटी जे सुचतं, ते खरं तर सगळ्यात आधी विचारायला हवं. या सगळ्या चित्रांत पाणी आहे. नळाचं, टबातलं, धबधब्याचं, भरपूर. पाणी मिळणं हा प्रश्नच कुठल्या जाहिरातीत नाही.

ज्या दशकात स्वदेशी साबण शुद्धतेची ग्वाही देत होते, त्याच दशकात, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडला हजारो लोकांसह चवदार तळ्याकडे चालत गेले आणि त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं. तळं सार्वजनिक होतं, कायदे मंडळाने १९२३ मध्येच अशी ठिकाणं सर्वांना खुली करण्याचा ठराव केला होता. तरी त्या ओंजळीनंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळं 'शुद्ध' करून घेतलं. साबणाच्या वेष्टनावरचा 'शुद्ध' आणि तळ्याकाठचा 'शुद्ध' हा एकच शब्द होता. तळ्यावरचा हक्क मुंबई उच्च न्यायालयात शाबित व्हायला १९३७ साल उजाडलं. त्या दहा वर्षांतल्या साबणाच्या जाहिराती पुढ्यात घेऊन बसलं की मला त्यातल्या हसऱ्या चेहऱ्यांपेक्षा न छापलेले चेहरे जास्त दिसतात.

तसंच धुण्याचं. परीटघडीचे कपडे म्हणताना परीट शब्दापुरता उरतो, चित्रात येत नाही. पावडरच्या जाहिरातीत शुभ्र चादर दोरीवर घालते ती हसरी गृहिणी. शहरातल्या मध्यमवर्गीय घरांत ती चादर किती ठिकाणी तिनेच धुतलेली असते? २०१५ पासून एरियलने पुरुषांनीही धुण्यात वाटा घ्यावा असं म्हणणाऱ्या जाहिराती काढल्या. त्यातल्या एकीत एक वडील, संसार आणि नोकरी यांत ओढल्या जाणाऱ्या मुलीची चिठ्ठी लिहून माफी मागतात आणि घरी जाऊन स्वतः मशीन लावतात. ती पाहताना माझेही डोळे भरून आले होते. पण सकाळी साडेसातला धुण्याला येणाऱ्या बाईंची जी बेल वाजते, ती त्याही जाहिरातीत वाजत नाही. जाहिरात विकत घेणाऱ्याला दाखवते, घासणाऱ्याला नाही.

आमच्याकडे धुण्याला येणाऱ्या मावशींना मी परवा विचारलं, "मावशी, इतकी वर्षं धुताय, तुम्हाला कुठला साबण चांगला वाटतो?" त्यांनी हात पुढे केला. बोटांच्या पेरांवर सोड्याने कातडी सोलून निघाली होती.

"हाताला चावत नाही तो," त्या म्हणाल्या, आणि ओल्या चादरीचं एक टोक पिळायला माझ्याकडे दिलं.